साहेबापुढे न हललेले चेहरे

भावना चेहऱ्यावर उमटण्याची रीत सगळ्या माणसांत सारखीच आहे का, हे पाहायला १८६७ साली चार्ल्स डार्विनने सोळा प्रश्नांची एक यादी जगभर धाडली. आश्चर्य वाटलं की डोळे विस्फारतात का, तोंडाचा आ होतो का, भुवया वर जातात का? लाज वाटली की चेहरा लाल होतो का, आणि ती लाली अंगावर कुठवर उतरते? शेवटचा प्रश्न होता, हो म्हणताना मान वरखाली आणि नाही म्हणताना आडवी हलते का? छत्तीस जणांची उत्तरं आली. त्यांतलं एक मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातून गेलेलं होतं.

ते पाठवलं होतं तिथे राहणाऱ्या एच. अर्स्किन यांनी. त्यांनी लोकांचे चेहरे निरखले, काही जाणत्या एतद्देशीय गृहस्थांनाही विचारून पाहिलं. पण त्यांची मुख्य अडचण डार्विनने १८७२ च्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. इथले लोक युरोपियनांसमोर सगळ्या भावना लपवतात, त्यांना तशी सवयच आहे, म्हणून खात्रीने काही सांगणं फार कठीण जातं. डार्विनच्या लेखी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या स्कॉट यांची माहिती सर्वांत भरघोस ठरली. नगरची ही ओळ प्रस्तावनेत एक अडचण म्हणून राहून गेली.

मला मात्र ती अडचण वाटत नाही. तो शोधच होता. देहबोलीच्या अभ्यासाचा पुढचा सगळा इतिहास त्या ओळीभोवती फिरला आहे.

डार्विनच्या आधी, १८६२ मध्ये, फ्रान्समधल्या द्युशेन या डॉक्टरने विजेच्या सौम्य प्रवाहाने चेहऱ्याचे एकेक स्नायू आखडवून छायाचित्रं काढली होती. ओठांचे कोपरे मनात आणलं की वर ओढता येतात, पण डोळ्याभोवतालचा स्नायू असा हुकमाने हलत नाही, तो खऱ्या आनंदातच हलतो, असं त्याने लिहिलं. तोंडदेखलं हसू आपल्याला लगेच कळतं ते का, याचं हे शरीरशास्त्रातलं पहिलं नेमकं उत्तर. (कसलेले नट हाही स्नायू हलवू शकतात, हे पुढे दिसून आलं.)

आपल्या परंपरेने हा भेद फार पूर्वी केला होता. भरताच्या नाट्यशास्त्रात एकोणपन्नास भाव आहेत: आठ स्थायी म्हणजे टिकून राहणारे, तेहतीस व्यभिचारी म्हणजे येऊन जाणारे, आणि आठ सात्त्विक. या शेवटच्या आठांसाठी नटाचं मन एकाग्र व्हावं लागतं, नुसते हातवारे करून ते येत नाहीत. ती नावं आज पुस्तकी वाटतात, पण गोष्टी आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. स्तंभ म्हणजे जागच्या जागी थिजणं. स्वेद म्हणजे दरदरून घाम फुटणं. रोमांच म्हणजे अंगावर काटा. स्वरभेद म्हणजे घसा दाटून येणं. वेपथू म्हणजे लटलट कापणं, वैवर्ण्य म्हणजे चेहरा पांढराफटक पडणं. मग अश्रू, आणि शेवटी प्रलय, म्हणजे शुद्ध हरपणं. आठच्या आठ घरात ऐकलेले.

हावभाव उपजतच असतात, असं डार्विनचं म्हणणं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर पारडं दुसरीकडे झुकलं. हावभाव भाषेसारखेच शिकावे लागतात, ते समाजागणिक बदलतात, असं बर्डव्हिसलसारखे मानवशास्त्रज्ञ ठामपणे मांडत होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन १९६७-६८ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांकडे गेला, त्यांना छोट्या गोष्टी सांगून छायाचित्रांतले चेहरे ओळखायला लावले, आणि काही मूळ भाव सगळीकडे सारखेच असल्याचा दावा घेऊन परतला. तो दावा आजही वादात आहे. पण १९६९ मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी वॉलेस फ्रीझनने आणखी एक गोष्ट मांडली: कुणासमोर कोणता भाव दाखवायचा, कोणता दाबायचा, याचे अलिखित नियम प्रत्येक समाजात असतात. नगरच्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी अर्स्किनसाहेबांना हेच तर दाखवलं होतं.

हे बघायला दूर जावं लागत नाही. तालुक्याच्या कचेरीत मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मागे रांगेत उभा होतो. टेबलापलीकडून “पुढच्या आठवड्यात या” ऐकलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. टोपी हातात, नजर टेबलाच्या कडेवर, “बरं साहेब.” बाहेर चहाच्या टपरीवर आल्यावर त्याने ती टोपी मांडीवर आपटली आणि पहिल्या घोटालाच त्याचे डोळे भरून आले.

१९८३ मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्डने विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास करून दाखवलं की हसरा चेहरा ठेवणं हेही पगारातलं काम असतं, आणि ते माणसाला थकवतं. एवढं समजल्यावरही व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत अजून सांगतात की संवादात शब्दांचा वाटा फक्त सात टक्के. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियनच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. तिथे प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, आणि शब्द एक सांगत असताना सूर नि चेहरा दुसरंच सांगत असेल तर ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो. सगळ्या बोलण्याला तो लावणं चूक आहे, असं खुद्द मेहराबियननेच वारंवार सांगितलं.

आता चेहरा वाचायचं काम कॅमेऱ्याकडे आलं आहे. २०१९ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि चार सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं. माणूस रागात असला की कपाळाला आठ्या पडतातच असं नाही, आणि आठ्या पडल्या म्हणजे तो रागावलाच असंही नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. फेब्रुवारी २०२५ पासून युरोपीय संघाने नोकरीच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांपुरती तेवढी सूट आहे. बंदीसाठी निवडलेल्या या दोन्ही जागी बघणाऱ्याच्या हातात सत्ता असते, नगरमध्ये अर्स्किनसाहेबांच्या हातात होती तशीच.