मॅक्स श्मेलिंग नाझी होता का?

जर्मन मुष्टियोद्धा मॅक्स श्मेलिंग म्हणजे ‘हिटलरचा बॉक्सर’, कट्टर नाझी, असं अजूनही बिनधास्त सांगितलं जातं. ते खरं नाही. १९३० मध्ये जॅक शार्की कमरेखाली ठोसा मारल्यामुळे बाद ठरला आणि श्मेलिंग हेवीवेट जगज्जेता झाला. तेव्हा हिटलर सत्तेवर आलेलाही नव्हता.

गैरसमजाचं मूळ १९३६ मध्ये आहे. न्यूयॉर्कमध्ये त्याने तोवर अजिंक्य असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन मुष्टियोद्धा जो लुईला बाराव्या फेरीत आडवं केलं आणि नाझी प्रचारयंत्रणेने तो विजय उचलून धरला. १९३८ च्या लढतीत लुईने पहिल्याच फेरीत, अवघ्या १२४ सेकंदांत हिशेब चुकता केल्यावर मात्र तिचा उत्साह मावळला.

श्मेलिंग नाझी पक्षाचा सदस्य कधीच नव्हता. त्याचा अमेरिकन मॅनेजर जो जेकब्स ज्यू होता. दबाव येऊनही श्मेलिंगने त्याला सोडलं नाही. (१९३५ मध्ये हॅम्बुर्गच्या रिंगणात याच जेकब्सने हातात सिगार धरून नाझी सलाम ठोकला होता. नाझींना ते किती झोंबलं असेल!) नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा श्मेलिंगने एका ज्यू मित्राची दोन मुलं बर्लिनमधल्या आपल्या हॉटेलच्या खोलीत लपवली. हे त्याने स्वतः मिरवलं नाही; त्यांतल्या एकाने, हेन्री लेविनने, १९८९ मध्ये जाहीर सांगितलं.

म्हणून त्याला थेट नाझीविरोधी वीर ठरवणंही घाईचं. हिटलरसोबत तो जेवला होता, फोटोही काढले होते. राजवटीशी जुळवून घेतच त्याची कारकीर्द चालली.