आळशी सेन्सरकडून खरं उत्तर

‘सेन्सरचं रीडिंग बिघडलं तरी एआय ते दुरुस्त करून देईल,’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. पण एआयचा गाजावाजा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून हे काम गणित करत आलंय. त्यातलं माझं सगळ्यात आवडतं सूत्र तर एका ओळीचं आहे.

ताप मोजणारा सेन्सर काखेत ठेवल्याठेवल्या 37 दाखवत नाही, कारण त्याचं टोक आधी स्वतः तापावं लागतं. खऱ्या तापमानापासून तो लांब असतो तेव्हा आकडा भराभर चढतो, जवळ आला की रेंगाळतो. चढण्याचा वेग म्हणजे उरलेलं अंतर भागिले त्या सेन्सरचा कालस्थिरांक, म्हणजे तो किती सावकाश तापतो हे सांगणारा, सेकंदांत मोजलेला आकडा. आता हेच उलटं मांडा:

खरं तापमान = दिसणारं तापमान + कालस्थिरांक × चढण्याचा वेग

समजा, कालस्थिरांक 10 सेकंद आहे आणि पहिल्या सेकंदात आकडा 30.00 वरून 30.67 वर गेला. सरासरी साधारण 30.33, वेग 0.67. मग 30.33 + 6.7 = 37.03. सेन्सर अजून 31 वरही पोचलेला नाही आणि उत्तर हातात!

अडचण येते ती गोंगाटाची. एखादं रीडिंग नुसतं 0.05 अंशाने थरथरलं, तरी दहाने गुणल्यावर उत्तर अर्ध्या अंशाने उडतं. सरासरी काढून थरथर शमवावी, तर पुन्हा उशीर होतो. शिवाय काम चालू क्षणी करायचं असल्याने पुढची रीडिंग हातात नसतात. यातला सुवर्णमध्य गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधला. 1960 मध्ये अभियंते रुडॉल्फ कालमन यांनी तो पायरीपायरीने काढायची रीत दिली. जुनी रीडिंग साठवायची गरज नाही. मागचा अंदाज आणि त्याची अनिश्चितता एवढं पुरतं. नवं रीडिंग आलं की दोघांच्या अनिश्चिततेनुसार वजन देऊन अंदाज सुधारायचा. अपोलो यानांच्या दिशादर्शनात हीच रीत वापरली गेली.

मात्र जे नोंदलंच गेलं नाही, ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही, मग जाहिरात काहीही म्हणो. सेन्सरच्या विद्युत संकेताचे आकडे करणारा 12 बिटांचा कन्व्हर्टर 4095 वर थांबतो. त्यावरची शिखरं कापली गेली की सॉफ्टवेअर फक्त अंदाज बांधू शकतं. सेकंदाला 1000 नमुने घेताना 900 हर्ट्झचं कंपन हुबेहूब 100 हर्ट्झसारखं दिसतं, आणि एकदा आकडे झाले की दोन्ही वेगळे करता येत नाहीत. म्हणून इतक्या डिजिटल करामतींच्या आधी, कन्व्हर्टरच्या तोंडाशी, अशी वेगवान कंपनं आधीच दाबणारा, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर यांचा साधा फिल्टर बसवावा लागतो.