शेकरू उडत नाही

राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात शेकरू दिसलं की ‘उडती खार बघितली’ असं कोल्हापूरकर हमखास सांगतात. ते चूक आहे. शेकरू झेप घेतं, एका झेपेत 6 मीटरपर्यंत. लांब झुपकेदार शेपूट तोल सांभाळते, बस्स. उडत्या खारीच्या पुढच्या-मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो. तो ताणून ती एका झाडावरून दुसऱ्याच्या बुंध्याकडे तरंगत उतरते. पंख मारून तीही उडत नाही. शिवाय ती निशाचर. भर दिवसा शेंड्यावर तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट दिसलं तर ते शेकरूच समजा.

पडदा नसल्यानेच शेकरूला फांदीला भिडलेली फांदी लागते. मधली दोन-चार मोठी झाडं तोडली की त्याला जमिनीवर उतरावं लागतं आणि तिथे ते सहज कुत्र्यांच्या तावडीत सापडतं.