बाप्तिस्मा झाला की हेवा संपतो?

जालन्या-बीडकडं ख्रिस्ती मंडळीत जुना समज आहे: खरा विश्वास असेल तर हेवा वाटतच नाही, वाटला तर बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) कच्चा. बायबल असं म्हणत नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (3:3) प्रेषित पौल हेवा-भांडणांवरून ज्यांना खडसावतो, ते विश्वासणारेच होते. याकोब-योहान या शिष्यांनी येशूच्या उजवी-डावीकडची जागा मागितली, तेव्हा बाकीचे दहा शिष्य चिडले (मार्क 10). येशूनं कुणालाच हाकललं नाही. मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं, म्हणाला.

शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं अन् आपला कोरडा गेला, तर पोटात दुखणारच. रोमकरांस पत्र (12:15) तिथून पुढचं सांगतं: आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा. त्या शेजाऱ्याचं नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करा. सुरुवातीला ती खोटीच वाटेल, वाटू द्या.