आईला 'हो' उशिरा का ऐकू आलं?

दर रविवारी सकाळी आई व्हॉट्सॲपवरून कॅलिफोर्नियातल्या माझ्या भावाला फोन लावते. परवा तिनं विचारलं, "दिवाळीला येताय ना?" क्षणभर शांतता. "बरं, नसेल जमत तर राहू दे," असं ती म्हणतेय तोच तिकडून, "हो, येतोय की!" मग दोघंही एकदम "तू बोल", "नाही, तू बोल". फोन ठेवल्यावर आईचा निकाल: "मनातून नव्हतं त्याच्या. 'हो' म्हणायला किती वेळ लावला बघ."

भावाच्या मनाचं मी सांगू शकत नाही. वेळेचा हिशेब मात्र मांडता येतो.

समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. २००९ साली दहा भाषांमधली हो-नाहीच्या प्रश्नांची उत्तरं तपासली गेली. जपानी सर्वांत झटपट, डॅनिश सर्वांत सावकाश. पण कुठल्याच भाषेची सरासरी बाकीच्यांपासून फार लांब गेली नाही. आता खरी गंमत. चित्रातल्या वस्तूचं नुसतं नाव सांगायचं म्हटलं तरी तोंडातून शब्द फुटायला ६०० मिलिसेकंद लागतात. वस्तू ओळखायची, शब्द शोधायचा, त्याचे ध्वनी जुळवायचे, मग जीभ हलणार. तरी २०० मध्ये उत्तर येतं, कारण समोरचा बोलत असतानाच आपण ते रचायला घेतलेलं असतं. वाक्य कुठे संपणार याचा अंदाज शब्दांवरून, आवाजाच्या चढउतारावरून, लांबवलेल्या शेवटच्या अक्षरावरून बांधायचा आणि तिथे उडी मारायची. मराठीत ही उडी जरा धोक्याचीच. "मी उद्या येणार" इथवर ऐकून आपण खूश होतो आणि मागून "नाही" येतं!

त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं: होकार लवकर येतो, नकार रेंगाळतो. तेव्हा उशीर म्हणजे कुरकुर, हे आईचं गणित काही चुकीचं नाही. चुकतं ते फोनवर.

परदेशी फोनवरचा आवाज बहुतेक वाट काचतंतूंच्या (ऑप्टिकल फायबर) केबलमधून प्रकाशाच्या रूपात कापतो आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते कॅलिफोर्निया सरळ रेषेत साडेतेरा हजारांच्या आसपास, म्हणजे ६५-७० मिलिसेकंद. केबल वळसे घेत जाते, शिवाय आवाज तुटू नये म्हणून फोन तो थोडा साठवून मग ऐकवतो. एका बाजूचे २५० धरू. प्रश्न जायला २५०, भावाचे नेहमीचे २००, 'हो' यायला २५०. एकूण ७००! भावाच्या लेखी त्यानं ताबडतोब उत्तर दिलं. आईच्या कानी ते जवळजवळ पाऊण सेकंदानं पडलं. २०१४ च्या एका जर्मन अभ्यासातही हेच दिसलं: लाइनमधल्या उशिराचं खापर लोक पलीकडच्या माणसावर फोडतात.

  

७०० ची बेरीज मी आईला कागदावर मांडून दाखवली. "बरं," ती म्हणाली. चांगल्या दीड सेकंदानं.