बोडिनने १९६९ साली सॅट ऐच्छिक का केली, आणि पुढे काय झालं

अमेरिकेतल्या निवडक लिबरल आर्ट्‌स कॉलेजांत (कला आणि विज्ञान दोन्हींचं व्यापक पदवीशिक्षण देणारी छोटी कॉलेजं) अर्ज करताना सॅट या प्रवेशासाठीच्या सामाईक परीक्षेचे गुण पाठवायचे की नाही हे विद्यार्थ्याने ठरवायचं असतं, ही गोष्ट आपल्याकडच्या बहुतेक पालकांच्या कानावर २०२० नंतर आली. साथीत परीक्षा केंद्रं बंद पडली म्हणून ही सवलत निघाली, असा त्यामुळे समज झाला आहे. प्रत्यक्षात मेन राज्यातल्या ब्रन्सविक या छोट्या गावातल्या बोडिन कॉलेजने गुणांची सक्ती १९६९ मध्येच काढली होती. आजचे सगळे वाद त्या निर्णयात बीजरूपाने आहेत.

त्याआधीचा काळ थोडक्यात पाहू. बोडिनला सनद मिळाली १७९४ मध्ये आणि वर्ग भरू लागले १८०२ मध्ये. त्या पिढीतल्या कॉलेजांना उमेदवाराचं लॅटिन आणि ग्रीक पुरेसं आहे का एवढंच हवं असे. प्रत्येक कॉलेज आपापली परीक्षा घेई, त्यामुळे शाळांची तारांबळ उडे. तो गोंधळ मिटवायला १९०१ पासून सामाईक लेखी परीक्षा सुरू झाली. जून १९२६ मध्ये तिच्या जोडीला सॅट आली. पहिल्या खेपेला सुमारे ८,००० मुलं बसली. ती तयार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने त्याआधी लष्करी बुद्धिचाचण्यांच्या आधारे काही वंश उपजतच कमी बुद्धीचे असतात असं लिहिलं होतं. १९३० मध्ये त्याने ते मत जाहीरपणे मागे घेतलं, पण परीक्षा तोवर रुळली होती.

१९२०च्याच दशकात पूर्व किनाऱ्यावरच्या मोठ्या विद्यापीठांनी अर्जात फोटो, शिफारसपत्रं, ‘चारित्र्य’ आणि कुठल्या प्रांतातून आलात हे विचारायला सुरुवात केली. उद्देश ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आवरण्याचा होता. आज ‘समग्र मूल्यमापन’ म्हणून, म्हणजे गुणांपलीकडे संपूर्ण व्यक्ती पाहण्याची, जी पद्धत मोठ्या अभिमानाने सांगितली जाते, तिचा एक पाय त्या चिखलात आहे. उलट सॅटचा वापर १९३०च्या दशकात हार्वर्डने शिष्यवृत्त्यांसाठी केला, तो नामांकित निवासी शाळांच्या बाहेरची हुशार मुलं सापडावीत म्हणून. ज्या मुलाची शाळा कॉलेजला ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो एक आकडा हीच ओळख ठरे. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता १९६९. व्हिएतनाम युद्धावरून कॅम्पस पेटलेले होते आणि अभ्यासक्रमांतल्या जुन्या सक्त्या गळून पडत होत्या. बोडिन तेव्हा फक्त मुलांचं कॉलेज होतं. मुलींना पदवीसाठी प्रवेश १९७१ पासून मिळाला. कॉलेजचा युक्तिवाद साधा होता. पदवी घेताना मानाच्या यादीत येणाऱ्या अनेकांचे प्रवेशावेळचे सॅट गुण काही फार वरचे नव्हते. मग एका सकाळच्या परीक्षेला चार वर्षांच्या शाळेच्या कामगिरीइतकं वजन कशाला द्यायचं? गुण चांगले वाटत असतील तर पाठवा, नाहीतर राहू द्या. देशातल्या निवडक कॉलेजांत असं करणारं ते पहिलं.

या निर्णयाच्या बाजूने बोलणारे एक तपशील सहसा गाळतात. बोडिनने प्रवेशासाठी गुणांची सक्ती सोडली, गुण गोळा करणं सोडलं नाही. प्रवेश नक्की झालेल्या विद्यार्थ्यांकडून नोंदणीच्या वेळी गुण मागवले जात, अगदी अर्जात लपवले असले तरी. त्यामुळे संशोधकांच्या हाती दुर्मीळ माहिती आली. १९९०च्या दशकातल्या एका तुकडीचे आकडे नंतर एका संख्याशास्त्रज्ञाने तपासले. गुण न पाठवणाऱ्यांची सरासरी १६०० पैकी सुमारे १२० गुणांनी खाली होती आणि पहिल्या वर्षाचे निकालही त्या मानाने कमी होते. म्हणजे मुलांना आपले गुण बेताचे आहेत हे बरोबर कळत होतं, आणि त्या गुणांतून पहिल्या वर्षाचा अंदाजही येत होता.

याच राज्यातल्या बेट्स कॉलेजने १९८४ मध्ये सॅट आणि १९९० मध्ये उरलेल्या परीक्षाही ऐच्छिक केल्या. वीस वर्षांच्या अनुभवानंतर त्यांनी जाहीर केलेला हिशेब वेगळा दिसतो: गुण पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्या सरासरी ग्रेडमध्ये ४ पैकी ०.०५ चा फरक, पदवी पूर्ण करण्याच्या प्रमाणात ०.१ टक्क्याचा. दोन्ही बाजू आपापला अभ्यास फडकवतात. माझ्या मते दोन्ही खरे असू शकतात. एक पहिलं वर्ष मोजतो, दुसरा पदवीपर्यंतचा प्रवास, आणि अठराव्या वर्षी मागे असलेलं मूल बावीसाव्या वर्षी मागे राहीलच असं नाही.

खरी गफलत नंतर झाली. १९८३ पासून कॉलेजांच्या क्रमवाऱ्या छापून येऊ लागल्या आणि त्यांत सॅटच्या सरासरीला भाव आला. कमी गुणवाले गुण कळवत नसतील तर जाहीर होणारी सरासरी आपोआप वर जाते. सक्ती नाही म्हटल्यावर अर्ज वाढतात, जागा तेवढ्याच, म्हणून प्रवेशाची टक्केवारी घसरते आणि कॉलेज अधिकच ‘निवडक’ दिसतं. सुमारे १८० निवडक लिबरल आर्ट्‌स कॉलेजांच्या २०१४ मधल्या अभ्यासात हेच आढळलं: अर्ज वाढले, जाहीर गुण वाढले, पण गरीब आणि अल्पसंख्य मुलांचं प्रमाण सवलतीमुळे वाढल्याचं दिसलं नाही. बोडिनचा हेतू तसा नसेलही, पण मागून आलेल्या अनेकांनी हा हिशेब केला नसेल यावर विश्वास ठेवणं कठीण आहे.

२०२० मध्ये जवळपास सगळेच ऐच्छिक झाले. मग परतीचा प्रवास सुरू झाला. २०२२ मध्ये एमआयटीने परीक्षा पुन्हा सक्तीची केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये डार्टमथ या नामांकित कॉलेजने. डार्टमथच्या प्राध्यापकांच्या अहवालातला निष्कर्ष असा, की दुर्लक्षित शाळांतली मुलं आपले गुण कमी समजून दडवत होती, आणि ते पाठवले असते तर त्यांना फायदाच झाला असता. १९३०च्या दशकातलाच युक्तिवाद नव्वद वर्षांनी परत आला. बोडिन मात्र आपल्या जागी आहे.

दरम्यान पैशाची अट बदलली, आणि आपल्याकडच्या अर्जदारांसाठी ती जास्त मोलाची. २०२२ पर्यंत परदेशी अर्जदार किती फी भरू शकेल हे बोडिन निर्णयाआधी पाहत असे. त्या वर्षापासून ते पाहणं बंद झालं. अशी मुभा देणारी कॉलेजं हातावर मोजण्याइतकीच आहेत.

सॅट बाजूला काढल्यावर सगळा भार शाळेच्या नोंदींवर पडतो. नववी ते बारावीचे गुण, समुपदेशकाचं पत्र, शिक्षकांची शिफारस, शाळेची माहिती सांगणारं एक पान. राज्य मंडळाच्या मुलाची नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयात, म्हणजे कागद दोन ठिकाणांहून जमवायचे. समुपदेशक हे पद बऱ्याच ठिकाणी नाहीच, मग पत्र उपप्राचार्य लिहितात आणि मुलाला ओळखत नसल्याने ते चार ओळींत उरकतात. नियमित फेरीचा अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला जातो, निकाल मार्चमध्ये लागतो, होकार १ मेपर्यंत कळवायचा असतो, आणि बारावीचा निकाल लागतो त्यानंतर. तेव्हा अर्जात जातात ते इथल्या कनिष्ठ महाविद्यालयाने दिलेले अंदाजे गुण, आणि ते किती विश्वासार्ह हे ब्रन्सविकमध्ये बसलेल्या माणसाला कळायला मार्ग नाही. म्हणूनच ऐच्छिक असली तरी पुण्या-मुंबईतली मुलं सॅट देतातच.