बायोफिल्मची सुरुवात : प्रयोगशाळेतील अभ्यास

सुटे पोहणारे जिवाणू एखाद्या पृष्ठभागावर टेकतात, त्यातले काही तिथेच चिकटतात, वाढतात आणि स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात गुरफटून जातात. अशा थराला बायोफिल्म किंवा जैवपटल म्हणतात. दातांवरचे कीटण, पाइपच्या आतला बुळबुळीत लेप, कॅथेटरमध्ये धरणारा थर ही त्याची परिचित रूपे. एकदा जमलेला थर प्रतिजैविकांना सहसा दाद देत नाही. म्हणून तो जमण्याआधीची मिनिटे आणि पहिले काही तास अभ्यासकांना महत्त्वाचे वाटतात.

ए. टी. हेन्रिसी यांनी १९३३ साली पाण्यात बुडवून ठेवलेल्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. गोड्या पाण्यातले बरेच जिवाणू तरंगत नसून चिकटून राहतात, हे त्यातून दिसले. १९७१ मध्ये मार्शल आणि सहकाऱ्यांनी सागरी जिवाणूंच्या चिकटण्याचे दोन टप्पे वेगळे काढले : सुटू शकणारे आणि न सुटणारे. ही विभागणी आजही वापरात आहे.

सर्वाधिक प्रचलित चाचणी ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या मायक्रोटायटर प्लेटमध्ये होते. रात्रभर वाढवलेले जिवाणूंचे कल्चर ताज्या माध्यमात (पोषक द्रवात) शंभरपट पातळ करून प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर घालतात आणि प्लेट न हलवता उबवतात. मग ती उलटी करून झटकतात, पाण्यात बुडवून धुतात आणि ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग घालतात. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा धुतल्यावर खळग्याच्या भिंतीवर जांभळी कडी उरते. प्राणवायूकडे ओढ असलेल्या, पोहणाऱ्या जातींमध्ये ती नेमकी द्रव आणि हवा जिथे भेटतात तिथे उमटते. हा रंग ३० टक्के ॲसिटिक आम्लात उतरवून ५५० नॅनोमीटरवर मोजतात.

चाचणी स्वस्त आहे, पण तिचा आकडा जपून वाचावा लागतो. रंग मेलेल्या पेशींवर आणि भोवतीच्या चिकट द्रव्यावरही चढतो. शिवाय ती मोजते ते धुतल्यावर उरलेले. टेकून पुन्हा सुटलेले जिवाणू, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्याचा मोठा भाग, सांडपाण्याबरोबर जातात. एकाने प्लेट हलकेच बुडवली आणि दुसऱ्याने नळाखाली धरली, तर एकाच वाणाचे आकडे वेगळे येतात. कडेच्या खळग्यांतले पाणी लवकर उडते, त्यामुळे अनेक जण ते खळगे मोजणीत धरतच नाहीत.

असे असूनही या साध्या प्लेटनेच जनुकांचा माग लावला. १९९८ मध्ये जॉर्ज ओटूल आणि रॉबर्टो कोल्टर यांनी स्यूडोमोनास या जिवाणूचे उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेले) वाण असे तपासून न चिकटणारे बाजूला काढले. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जातीच्या, कशाभिका (पोहण्यासाठीची शेपटी) नसलेल्या वाणांना पृष्ठभागावर नीट टेकताच येईना. टाइप-४ पिली, म्हणजे पेशीवरचे केसांसारखे बारीक तंतू, नसलेले वाण चिकटले, पण एकपदरी थरापुढे गेले नाहीत; त्यांच्या छोट्या वसाहती बनल्या नाहीत. एकाच ‘न चिकटण्या’मागे दोन निराळ्या अडचणी निघाल्या, आणि दुसरी ओळखायला रंगाचा आकडा पुरेसा नव्हता, सूक्ष्मदर्शक लागला. पेशीतला सायक्लिक-डाय-जीएमपी हा संदेशरेणू वाढला की जिवाणूंचा कल पोहण्याऐवजी चिकटून राहण्याकडे झुकतो, हेही आता अनेक जातींत दिसले आहे.

टेकणे आणि सुटणे प्रत्यक्ष पाहायचे तर फ्लो सेल वापरतात. काचेखालच्या अरुंद नालिकेतून पंपाने माध्यम संथ वाहते ठेवतात आणि जिवाणूंना चमकते हिरवे प्रथिन देऊन कॉन्फोकल (एका वेळी एकाच पातळीचे स्पष्ट चित्र देणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीचा माग ठेवतात. पृष्ठभाग कोरा असतो असे मात्र समजू नये. माध्यम लागताच त्यातली प्रथिने काचेवर किंवा पोलादावर बसतात आणि जिवाणू त्या अस्तरावरच उतरतात. त्यामुळे माध्यम बदलले की चिकटण्याचे गणितही बदलू शकते. या पद्धतीतला खरा त्रास असतो हवेच्या बुडबुड्याचा. नालिकेतून एकच सरकला तरी जाताना नुकत्या टेकलेल्या पेशी खरवडून नेतो, म्हणून पंप आणि नालिकेच्या मध्ये बुडबुडे अडवणारा सापळा बसवतात.